मंगलच्या फोटोतला बर्फ

मी उत्तर ध्रुवाच्या बाजूला जाऊन आले, कारण मंगल देशकर माझ्याआधी तिथे जाऊन आली होती. प्रवासवर्णनाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. लोक लिहितात की लहानपणापासून हिमनद्यांची ओढ होती, नकाशा बघितला की अंगावर काटा यायचा. मी भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, म्हणजे नकाशावर बोटं माझीच जास्त फिरली असतील. पण काटा कधी आला नाही. तो आला मंगलच्या दिवाणखान्यातला फोटो बघून.

मंगल आणि मी भोपाळला एकाच वर्षी आलो. ती अमरावतीची, मी पुण्याची. दोघींचे नवरे कारखान्यात इंजिनियर, आणि क्वार्टर्स पाठीला पाठ लावून. मधली भिंत इतकी पातळ, की तिच्या कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बारीक करायची. निवृत्तीनंतर क्वार्टर्स सोडावी लागली, तेव्हा दोघींनी अयोध्या नगरात घरं बांधली, तीही एकाच गल्लीत.

आमच्या टाउनशिपमध्ये सगळ्यांचं सगळं सारखं असायचं. पगार ग्रेडप्रमाणे, क्वार्टर ग्रेडप्रमाणे, पडद्याचं कापडसुद्धा एकाच सोसायटीच्या दुकानातलं. बाहेरच्यांना वाटतं, अशा ठिकाणी हेवेदावे नसतील. उलट असतं. सगळं सारखं असलं की वाटाण्याएवढा फरकही डोळ्यांत खुपतो. मोठं क्वार्टर मंगलला माझ्याआधी मिळालं. तिच्या मुलाला परदेशी नोकरी माझ्या मुलीच्या आधी लागली. गुलाबाला कळ्या धरायच्या त्याही आधी तिच्याकडे. तिने कधी मिरवलं नाही, हे आणखी वाईट. मिरवलं असतं तर मला निदान रागावता आलं असतं.

दहा-बारा वर्षांपूर्वी तिच्या मुलाने, राहुलने, तिला स्वालबार्डला नेलं. ही नॉर्वेच्या ताब्यातली बेटं, युरोपच्या नकाशाच्या अगदी वरच्या कडेला, फळ्यावर काढताना मी नेहमी विसरायची ती. परत आल्यावर रीतीप्रमाणे आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये फोटो झाले. आमच्याकडे कुणी परदेशी जाऊन आलं की एका रविवारी पडद्यावर फोटो दाखवायचे आणि मग सगळ्यांना पोहे द्यायचे असा रिवाज आहे. त्या रविवारी तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला. लाल जाकीट घातलेली मंगल किनाऱ्यावर उभी आहे, आणि तिच्या पाठीमागे पाण्यातून सरळ वर उठलेली बर्फाची भिंत आहे. ती पांढरी नव्हती, निळी होती. कपड्यांना नीळ जास्त झाली तर होतं तशी. हॉलमधले लोक आपोआप गप्प झाले. माझ्या वर्गात मुलं कधी अशी गप्प बसली नव्हती, आणि हिमनदीचा धडा मी दरवर्षी जीव ओतून शिकवत असे.

मंगलने तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला. मी तिच्याकडे रोज संध्याकाळी चहाला जाते. म्हणजे रोज संध्याकाळी तो फोटो माझ्यासमोर.

माझी मुलगी ऋता आता ओस्लोला असते. गेल्या वर्षी तिने विचारलं, ‘‘आई, या उन्हाळ्यात तू ये. कुठे जायचं? फ्रान्स? इटली?’’

‘‘मंगल गेली होती तिथे,’’ मी म्हटलं.

‘‘बाबा येतील का एवढ्या थंडीत?’’

बाबा, म्हणजे विलास, भोपाळच्या डिसेंबरात कानटोपीशिवाय फाटकापर्यंत जात नाहीत. ते म्हणाले, तू जा, मी मंगलकडून डबा मागवीन. हेही मला फारसं आवडलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मंगल हातात पिशवी घेऊन आली. पिशवीत नारळ, हिरवा खण, हिरव्या बांगड्या आणि तांदळाची पुडी.

‘‘त्या समुद्राची ओटी भर,’’ ती म्हणाली. ‘‘माझी राहून गेली.’’

आमच्याकडे अजूनही बायका नवीन नदी पाहिली की तिची ओटी भरतात, माहेरवाशिणीची भरावी तशी. नर्मदेची मी भरली आहे, बेतवेचीही. त्यामुळे नाही कसं म्हणणार? पण मनात आलं, माझ्या जन्मात एकदा होणारा प्रवास, आणि त्यातही ओझं हिच्या नारळाचं.

लाँगइयरब्येन

विमान उतरलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि ऊन पडलं होतं. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळतच नाही. हे मी इतकी वर्षं मुलांना सांगितलं होतं, पण प्रत्यक्षात त्या उन्हात सुटकेस ओढताना आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. डोंगर बोडके, तपकिरी, माथ्यावर बर्फाचे पट्टे. एकही झाड नाही.

हॉटेलच्या दारात बूट काढायला लावले, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. तिथे सगळीकडेच बूट दाराशी काढतात. म्युझियममध्येसुद्धा मोजे घालून फिरायचं. गाव कोळशाच्या खाणीचं. पूर्वी खाणकामगारांच्या बुटांना काळी पूड लागलेली असायची, ती घरात येऊ नये म्हणून सुरू झालेली ही पद्धत. खाणी बंद होत गेल्या, पद्धत राहिली. युरोपातल्या घरांत बूट घालून गादीवर पाय टाकणारी माणसं बघून मला शहारे येतात, इथे मात्र मी एकदम घरची झाले.

सकाळी गावात फिरायला निघालो. रंगीत लाकडी घरं, लाल, पिवळी, हिरवी, पण सगळी एका मापाची आणि ओळीने. मी थबकले.

‘‘ऋता, हे तर आपलं टाइप टू क्वार्टर.’’

‘‘आई, काहीही.’’

पण मी बरोबर होते. हॉटेलमधल्या काउंटरवरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की पूर्वी सगळं गावच कंपनीचं होतं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, क्लबही कंपनीचा, आणि नोकरी संपली की घर सोडून जायचं. म्हातारपणी इथे राहायची सोय नाही. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही अगदी असंच. त्यांनी विचारलं, मग तुम्ही कुठे गेलात? मी म्हटलं, टाउनशिपच्या फाटकाबाहेर, जितक्या जवळ जागा मिळाली तितक्या. त्या हसल्या नाहीत, त्यांनी मान हलवली.

ती घरं खांबांवर उभी आहेत. जमीन बारा महिने दगडासारखी गोठलेली असायची, त्या भरवशावर खांब रोवलेले. आता वरचा थर उन्हाळ्यात खोलवर मऊ होतो आणि खांब कलतात. त्या काउंटरवरच्या बाईंच्या स्वतःच्या घरातल्या न्हाणीघराचं दार लागत नाही. दरवर्षी सुतार येऊन थोडं तासून जातो. ऐन हिवाळ्यात हल्ली पाऊस पडतो, तो जमिनीवर गोठून काच होते, आणि रेनडियरना खालचं शेवाळं उकरता येत नाही. ‘‘पूर्वी असं नव्हतं,’’ त्या म्हणाल्या. पुढच्या चार दिवसांत हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, की मला राग येऊ लागला. तिथे भेटणाऱ्या प्रत्येक माणसाकडे एक ‘पूर्वी’ होतं. माझ्याकडेच नव्हतं.

नाश्त्याला तपकिरी चीज होतं. खवा आटवताना जरा करपला तर लागेल तसं, गोड आणि किंचित खारट. मी त्यावर मेतकूट भुरभुरवलं. ऋताने डोळे फिरवले आणि मग स्वतःही तसंच घेतलं.

बोटीवर

आमची बोट लहान होती, प्रवासी डझनभर. बहुतेक जर्मन आणि नॉर्वेजियन निवृत्त जोडपी, आणि आम्ही दोघी. वाटाड्या होती इंगर नावाची पन्नाशीची बाई. उंच, वाऱ्याने रापलेली, खांद्याला बंदूक. अस्वल आलं तर आवाजाने पळवायला आणि अगदीच वेळ आली तर, असं म्हणून तिने ते वाक्य अर्धं सोडलं. आमच्यात बोलणं इंग्रजीत व्हायचं.

समुद्र राखाडी आणि शांत होता. बोटीच्या बाजूबाजूने करड्या पंखांचे पक्षी पंख न हलवता तरंगत यायचे. बघताना छान वाटे. इंगर म्हणाली, हे पक्षी पाण्यावर तरंगणारं काहीही खाणं समजून उचलतात. मेलेले सापडतात तेव्हा पोटात प्लॅस्टिकचे तुकडे निघतात. बुचं, दोऱ्या, फुग्यांचं रबर. इथे जवळपास वस्ती नाही, कारखाना नाही, हे येतं कुठून, असं एका जर्मन बाईंनी विचारलं. इंगरने हाताने दक्षिणेकडे खूण केली. समुद्राचे प्रवाह युरोपकडून वर येतात आणि जे जे आणतात ते इथे ठेवून पुढे जागा नाही म्हणून थांबतात. गल्लीच्या शेवटच्या घरासमोर जसा सगळा पाचोळा जमतो तसं. अयोध्या नगरात शेवटचं घर माझं आहे, त्यामुळे मला ते लगेच समजलं.

रात्रीच्या जेवणाला लांब टेबल. समोरच्या जर्मन गृहस्थांनी विचारलं, तुमचे पती काय करायचे? मी अभिमानाने सांगितलं, औष्णिक वीजकेंद्रांची टर्बाइनं. दिवसभर सगळे कोळसा आणि धूर आणि वितळणारा बर्फ याच गोष्टी करत होते, त्यात मी जणू चोराचंच नाव घेऊन बसले.

‘‘कोळशावर चालणारी?’’ त्यांनी सौजन्याने विचारलं.

‘‘हो. आणि त्यांच्यावर गावोगावी दिवे लागले,’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्याकडे आमच्या आधी लागले होते, एवढंच.’’

ऋताने टेबलाखालून पाय दाबला. मला खरंच चीड आली होती. सगळीकडेच हे आमच्याआधी पोहोचलेले. दिवे आधी, पंखे आधी, बर्फही आधी, आणि आता दुःखही आधी तेच करणार. तेवढ्यात टोकाला बसलेली इंगर म्हणाली, ‘‘माझे वडील इथल्या खाणीत होते. मी कोळशावरच मोठी झाले.’’ आणि तिने बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. त्यानंतर मी इंगरजवळच बसू लागले.

दुसऱ्या दिवशी एका उतारावर रेनडियर बघायला उतरलो. तिथली जमीन बर्फ वितळून लापशी झाली होती. माझा डावा गमबूट चिखलात रुतला, मी पाय ओढला, पाय वर आला आणि बूट खाली राहिला. तोल जाऊन मी बसले. उठवायला इंगर आणि ते जर्मन गृहस्थ दोघं आले. गृहस्थांनी बूट उपसून, आतला चिखल हाताने काढून मला नीट घालून दिला. नंतर मी त्यांना मेतकूट चाखवलं. टर्बाइनचा विषय पुन्हा निघाला नाही.

किनारा

मंगलचा फोटो मी मोबाइलमध्ये घेऊन गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी इंगरला दाखवला आणि म्हटलं, मला इथे उभं राहायचं आहे.

तिने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा केला. बर्फाकडे तिने बघितलंच नाही. बर्फाच्या वर दिसणारी डोंगराची कड ती बोटाने पुढे-मागे सरकवत होती. त्या कडेला एका जागी खाच आहे, दात पडल्यासारखी. ‘‘ओळखलं,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या आपण तिथेच जाणार आहोत.’’ मग मोबाइल परत देत म्हणाली, ‘‘पण उषा, फोटो जुना आहे.’’

मी ऐकलं, पण ऐकलं नाही. रात्री मी लाल जाकीट काढून ठेवलं. ओस्लोला मुद्दाम लाल घेतलं होतं.

सकाळी रबरी होडीतून आम्ही दगडगोट्यांच्या किनाऱ्यावर उतरलो. मी मान वर करून डोंगर शोधला. खाच होती. इंगरने मला हाताला धरून चार पावलं डावीकडे नेलं, मागे सरकवलं, मोबाइलशी ताडून बघितलं. ‘‘ती इथे उभी होती.’’

मी वळून बघितलं. मागे मातकट पाणी होतं. पाण्यापलीकडे खडी आणि गाळ, एखाद्या धरणाचं काम अर्धवट सोडून मुकादम निघून जावा तसा, आणि त्याच्या खूप मागे, दरीत वर चढून बसलेली मळकी पांढरी जीभ. तोच बर्फ. जी भिंत पाण्यातून उठली होती, तिने आता पाण्याला पायसुद्धा लावलेला नव्हता.

ऋता म्हणाली, ‘‘आई, फोटो काढू?’’

मला पृथ्वीचं वगैरे वाईट वाटलं असतं तर बरं झालं असतं. मी भूगोलाची शिक्षिका आहे, मला ते वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच की मंगलला मिळालं आणि मला नाही. पंगतीत शेवटच्या ओळीत बसावं आणि जिलब्या आपल्यापाशी येईतो संपाव्यात, तसा लहान मुलासारखा रडवेला राग आला. एवढा पैसा, एवढा प्रवास, तीच जागा, तोच डोंगर. मी म्हटलं, काढ. जाकिटाची चेन लावली आणि उभी राहिले. त्या फोटोत माझा चेहरा बघण्यासारखा आहे.

मग इंगरने सगळ्यांना मोठाल्या पिशव्या वाटल्या. तिथे येणाऱ्या बोटी आता हे काम करतातच. किनाऱ्यावर उतरायचं आणि तासभर कचरा गोळा करायचा. दुरून स्वच्छ वाटणारा किनारा जवळून भरलेला होता. मासेमारीची निळी-हिरवी जाळी, अर्धी वाळूत गाडलेली. खोकी बांधायच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे तरंगते गोळे, मासळीचे क्रेट, एक दात घासायचा ब्रश, एक बाहुलीचा हात. एका जागी रेनडियरची शिंगं जाळ्यात गुंतलेली सापडली, नुसती शिंगं आणि कवटी. जाळं सुटलं नसेल आणि चरता आलं नसेल, इंगर म्हणाली. जर्मन गृहस्थांनी चाकूने दोर कापला, सावकाश, जणू त्या जनावराला अजून लागेल इतक्या जपून.

मी रागाच्या भरात फार काम केलं. प्रत्येक वस्तू उलटून त्यावरची अक्षरं वाचत होते. मनात एक भीती होती की एखादं पाकीट आपल्याकडचं निघेल. निघालं नाही. त्याचं मला जे समाधान झालं ते इतकं होतं, की मी दोन पिशव्या जास्तीच्या भरल्या.

सगळे होडीकडे वळले, तेव्हा मला ओटीची आठवण झाली. पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये होती. मी पाण्याच्या कडेला गेले, बूट काढायची सोय नव्हती म्हणून तशीच वाकले, खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, बांगड्या ठेवल्या, आणि पुडी उघडून तांदळाची ओंजळ धरली. मंगलच्या नावाने का माझ्या, हे ठरत नव्हतं, म्हणून क्षणभर थांबले.

‘‘उषा, नको.’’ इंगर मागे उभी होती. ओरडली नाही. ‘‘इथे काहीच ठेवता येत नाही.’’

मी दचकले आणि ओंजळीतले तांदूळ गोट्यांमध्ये सांडले.

मी तिला समजावून सांगू लागले की ही पूजा आहे. आमच्याकडे पाण्याला घरची लेक मानतात, तिला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. इंगर नीट ऐकत होती. मग तिने विचारलं, ‘‘हे कापड कशाचं आहे?’’

मी हाताने चाचपलं. खण पॉलिस्टरचा होता. आजकाल ओटीत देण्याघेण्याचे सगळे तसलेच असतात, पुढे पाच घरं फिरतात. आणि बांगड्या प्लॅस्टिकच्या. काचेच्या सामानात फुटतील म्हणून मंगलने विचार करून प्लॅस्टिकच्या आणल्या होत्या. माझ्या शेजारी, मीच भरलेल्या पिशवीतून, त्याच हिरव्या रंगाचं जाळं लोंबत होतं.

इंगरने एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा बांगड्यांकडे. तिने बंदूक पाठीवर सरकवली, हातमोजे काढले आणि गुडघ्यांवर बसून गोट्यांमधले तांदूळ वेचू लागली. मीही बसले. थंडीने बोटं बधिर झालेली, दाणे निसटत होते. शाळेत शिक्षा झालेल्या दोन मुली बसाव्यात तशा आम्ही बसलो होतो आणि होडीतून सगळे बघत होते. मला मंगलचा इतका राग आला की सांगता सोय नाही. इथे येऊनही ओटी तिची आणि फजिती माझी.

नारळ बघून बोटीवरचा आचारी मात्र हरखला. तो फिलिपाइन्सचा होता, आणि कितीतरी महिन्यांत त्याने ताजा नारळ हातात धरला नव्हता. आधी त्याने तो कानाशी हलवला, अगदी आपण हलवतो तसा. रात्री भोपळ्याच्या सारात नारळाचं दूध आलं आणि ध्रुवसमुद्राची ओटी डझनभर माणसांच्या पोटात गेली. सगळ्यांनी माझे आभार मानले. मी ते घेतले.

मंडळाचा हॉल

परत आल्यावर मंगलने पहिला प्रश्न ओटीचा विचारला. मी जे झालं ते सांगितलं. ती ‘‘अस्सं’’ म्हणाली आणि चहा ओतू लागली. फोटो मात्र मी तिला दाखवला नाही. तो हॉलमध्येच दाखवायचा असं ठरवलं होतं. आता मी त्याचं कारण काय देऊ? मला तिचा चेहरा बघायचा होता.

रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला. मंडळाचा सेक्रेटरी निखिल, जो माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा आणि आता स्वतःच चाळिशीचा बाप आहे, त्याने पडदा लावला. रंगीत घरं, पक्षी, माझा गमबूट, सगळं झालं. लोक हसले, छान छान म्हणाले. मग मी सांगितल्याप्रमाणे त्याने शेवटचे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. डावीकडे मंगल आणि निळी भिंत. उजवीकडे मी आणि गाळ. दोघी लाल जाकिटात.

हॉल शांत झाला, पण ती शांतता वेगळी होती. लोकांना कळेना.

‘‘मॅडम, ये तो सेम जगह नहीं लग रही,’’ निखिल म्हणाला. ‘‘मंगल मौशीला कुठल्या दुसऱ्याच जागी नेलं असेल. टूरवाले काय, कुछ भी दिखा के बोल देते हैं यही है.’’

मागून कुणीतरी हसून म्हणालं, ‘‘अरे, आजकाल तो मॉल में भी बर्फ बना देते हैं. स्टुडिओतला असेल.’’

हशा पिकला. मंगल दुसऱ्या ओळीत बसली होती. तिने पदर सारखा केला आणि मांडीवरच्या पर्सकडे बघत राहिली. मी जो चेहरा बघायला आले होते तो माझ्यासमोर होता. मला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळा हॉल माझ्या बाजूचा होता. तिचा फोटो खोटा, माझा खरा. मला ते हवं होतं, फार हवं होतं.

पण माझ्या फोटोतल्या डोंगराला खाच होती आणि तिच्याही. ती मला दिसत होती. भूगोलाच्या शिक्षिकेला समोर चुकीचं उत्तर चाललेलं ऐकवत नाही, हा रोग आहे. मी निखिलच्या टेबलावरची पट्टी उचलली आणि पडद्याशी गेले.

‘‘ही कड बघा. ही खाच. आता इकडे. हीच खाच. हा उतार, हाच. डोंगर तोच आहे. मी हिच्या पावलावर उभी आहे.’’ पट्टी मी डावीकडच्या निळ्यावर ठेवली. ‘‘हा बर्फ होता. मंगलने बघितला. मी पोहोचेपर्यंत गेला.’’

पहिल्या ओळीतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘‘सगळा?’’ मी म्हटलं, ‘‘तिथला सगळा.’’ मग निखिलने दिवे लावले आणि पोहे आले.

लोक पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या खुर्च्यांवर बसलो. मंगलने पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढून माझ्या बशीत टाकले, मला आवडतात म्हणून. मी वाट बघत होते, आता ती म्हणेल की बरं झालं तू बोललीस.

‘‘उषा,’’ ती म्हणाली, ‘‘मी नाही गं बघितला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘थंडी काय होती तुला सांगू. पाय बधिर झाले होते. फोटो काढला आणि मी लगेच होडीत जाऊन बसले. शाल अशी डोक्यावरून, डोळ्यांपर्यंत ओढून घेतली. राहुल हाका मारत होता. आई, बघ, केवढा कडा कोसळतोय, आवाज ऐक. मी म्हटलं, तू काढ व्हिडिओ, घरी जाऊन बघू.’’

‘‘मग बघितलास?’’

‘‘त्याने फोन बदलला. त्यात गेला कुठेतरी.’’

अर्धी पृथ्वी ओलांडून मी जे बघायला गेले, ते हिच्यासमोर कोसळत होतं आणि ही शालीत बसली होती. मला वाटलं, आता तरी माझा हेवा संपायला हवा, कारण हेवा करण्यासारखं तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

‘‘अगं पण का?’’ मी म्हटलं. ‘‘पाच मिनिटं तरी बघायचं होतंस.’’

मंगलने बशी खाली ठेवली.

‘‘मला वाटलं, बर्फ कुठे जातोय,’’ ती म्हणाली. ‘‘पुन्हा येईन, तेव्हा बघेन.’’

ते वाक्य किती सहज म्हणाली ती. आता माझ्या नातवंडांना ते म्हणता येणार नाही, तिच्या नातवंडांनाही नाही. मंगलच्या मोठ्या क्वार्टरचा मला हेवा वाटला होता, मुलाचा, फोटोचा वाटला होता. पण बर्फाकडे पाठ करून, तो तिथेच राहील अशा खात्रीने डोळ्यांवर शाल ओढून घेणाऱ्या त्या मंगलचा जेवढा वाटला, तेवढा कशाचाच नाही.